पाळवणकर बाळू

असोद्याकडील एका उपदेशकबंधूंनी आम्हांस विचारले आहे की, मंडळीतील तरुण सायंकाळी क्रिकेट खेळावयास जातात, त्या मैदानावर ख्रिस्ती मनुष्याने शिकावे असे काही असते काय? उत्तरादाखल आम्ही एका खेळाडूचे चरित्र देतो. ते आपल्या धर्माचे नव्हते. तथापि त्यांनी जे सोसले, ते आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांनीही सोसलेले आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार कुटुंबात झाला. पुढे पुण्यास पारशी लोकांच्या एका क्लबात मैदान झाडणे, रूळ फिरविणे ही कामे ते तीन रुपये महिन्यावर करीत. नंतर गोऱ्या लोकांच्या पुणे क्लबात चार रुपयांवर राहिले. तेथे साहेबलोक सरावाकरिता त्यांजकडून तासन्‌तास चेंडू टाकवून घेत. फळी मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. डाव्या हाताने चेंडू वळविण्याची त्यांची विद्या अशी चाकरीतच तयार झाली.

पुण्यातील हिंदू खेळाडूंस साहेबांवर जय मिळवावयाचा होता, म्हणून बऱ्याच वादानंतर त्यांनी बाळूंस आपल्यात घेतले. मैदानावर बाळूंचा हात लागलेला चेंडू सर्वजण खुशाल झेलीत. पण चहाची वेळ झाली, की इतरांस आत कपबशी आणि बाळूंस बाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पानही निराळे. चेंडूस विटाळ नाही आणि कपास आहे, हा कोणता न्याय? हे वाचून आपण हळहळतो खरे. परंतु प्रभुभोजनाच्या वेळी प्याला आपल्याआधी कोणाच्या ओठी लागला, हे पाहणारे आपल्या मंडळ्यांतही होऊन गेले आहेत. ते लपवून काय उपयोग?

पुढे बाळू मुंबईस गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर हिंदी संघ विलायतेस गेला. तो बहुतेक सामने हरला, तरी एकट्या बाळूंनी शंभरावर गडी बाद केले.

इतके करूनही कप्तानपद त्यांस मिळेना. १९१३ साली ते एम. डी. पै ह्यांस मिळाले. हा मान अनुभवी बाळूंचा होता, असे पै ह्यांनी स्वतःच चारचौघांत कबूल केले. आपल्याला मिळालेल्या मानाविषयी असे बोलणे सोपे नसते.

१९२० साली पै आजारी पडले. तेव्हा बाळूंस संघातून गाळून कप्तानपद वयाने लहान असलेल्या दुसऱ्या खेळाडूस दिले गेले. बाळूंचे भाऊ विठ्ठल व शिवराम हे दोघे त्याच संघाचे आधारस्तंभ होते. जातीवरून होणारा हा अन्याय उघड बोलून दाखवून त्यांनी खेळण्याचे नाकारले. आमच्या मते ते योग्यच केले. सहनशीलता आणि अन्यायास रुकार ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यावर पुष्कळ गवगवा झाला. अखेर तिन्ही भावांस परत घेण्यात आले व बाळू उपकप्तान झाले. सामना चालू असता पै काही वेळ आपण होऊन मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळला. त्या वेळी बाळूंचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. बाळू त्यानंतर बत्तीस वर्षे जगले. १९५५ च्या जुलैत मुंबईस त्यांचे देहावसान झाले.