न्यायमूर्तींचे निनावी लेखन

निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७९ साली बदलीवर धुळ्याला आले. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच मोडत असे. तो वेगळा झाला १९९८ मध्ये. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावले होते आणि धुळ्यात रानड्यांची पत्रे फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाने आलेली पत्रे ते स्वतःच पोलिसांकडे धाडीत. संशय किती पोकळ होता, हे यावरून दिसावे.

पाळत पत्रांवर होती. रानड्यांची सरकारवरील टीका मात्र छापून प्रसिद्ध होत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ मध्ये निघाले. जमीनमहसूल, शेतकऱ्यांचे कर्ज यांसारख्या प्रश्नांवरील त्यातले लेख बहुधा निनावी असत. सरकारी न्यायाधीशाने महसूलनीतीवर नावानिशी टीका करणे त्या काळी धोक्याचेच होते. याच त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षक सरकारी अहवालांतील आकडे पिंजून लिहीत. दोघांचे विचार इतके एकजीव, की कोणता लेख कोणाचा, हा निवाडा अभ्यासकांना सोपा राहिलेला नाही. अशा वेळी श्रेय मोठ्या नावाकडे वाहत जाते. रानड्यांचे अर्थशास्त्रीय निबंध १८९८ मध्ये ग्रंथरूप झाले; जोशींचे लेखन संग्रहित झाले ते १९१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. वेल्बी आयोगापुढील गोखल्यांच्या १८९७ च्या साक्षीमागेही जोशींचे कष्ट होते.

पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे मात्र रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात उघडपणे, व्याख्यानातून मांडले.