ताराबाई मोडक

पूर्वी आपल्याकडे मुलाचे शिक्षण पाटीवर अक्षर गिरवण्यापासून सुरू होई. त्याची चिमुकली बोटे पेन्सिल धरण्यास समर्थ झाली आहेत की नाहीत, याचा विचार सहसा होत नसे. अक्षर वाकडे आले की छडी बसे. साहजिकच अनेक मुलांना शाळेची भीती वाटे. ही भीती घालवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. स्त्रियांचे उच्च शिक्षण विरळ असण्याच्या त्या काळात, १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. राजकोट येथे शिक्षिकांच्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. मानाचे ते पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा तेथे अवलंब होत असे. लहान मूल प्रथम हात, डोळे आणि कान यांनी शिकते. वस्तू उचलावी, रचावी, मोजावी. बोटांना वळण लागले की मग अक्षराकडे वळावे, असा हा क्रम होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला ताराबाईंनी शिशुविहार सुरू केला.

परंतु माँटेसोरींची साधने महाग होती. ती शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळत. गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, मुंबई सोडून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी वस्तीवरची गरीब मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. तेथे आधी मुलांचे हातपाय स्वच्छ होत, मग गाणी आणि गोष्टी रंगत. महाग साधनांची उणीव शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी भरून काढली. खडे मोजता मोजता मुले अंक शिकली.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागे, म्हणून तिची शाळा बुडे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे मूल पाळण्यात, मधले खेळात आणि मोठे अभ्यासात, अशी प्रत्येक वयाची सोय तेथे झाली.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

बोर्डी आणि कोसबाड त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. त्याच ठाणे जिल्ह्यातील चामटोलीसारख्या गावी किंवा अन्य कोठेही, एखादे तीन वर्षांचे मूल न भिता खेळता खेळता शिकत असेल, तर त्याच्या त्या आनंदात ताराबाईंच्या श्रमांचा वाटा आहे. शाळेसाठी मूल नसून मुलासाठी शाळा आहे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.