विश्लेषण : साठी उलटल्यावर रवींद्रनाथ टागोर चित्रकार कसे झाले?

निवृत्तीनंतर तबला शिकायला बसलेल्या किंवा पासष्टीत रंगपेटी विकत आणणाऱ्या व्यक्तीला घरातूनच पहिला प्रश्न येतो, ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न रवींद्रनाथ टागोरांनाही लागू होता. १९१३ मध्ये साहित्याचे नोबेल मिळालेल्या कवीला नवे काही सिद्ध करायचे उरले नव्हते. उलट, नवख्या कलेत फसगत झाली असती तर ती साऱ्या जगासमोर झाली असती. तरीही साठी ओलांडल्यावर त्यांनी चित्रकला गांभीर्याने हाती घेतली आणि दोन हजारांहून अधिक चित्रे मागे ठेवली.

आधी प्रयत्न केला नव्हता का?

केला होता. तरुणपणी ते चित्रांच्या वहीत रेघोट्या ओढत. १९०० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुन्हा वही उघडली. शास्त्रज्ञ मित्र जगदीशचंद्र बोस यांना पत्रातून त्यांनी थट्टेने कळवले होते, की आपल्या हाती पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालते. हा नाद पुढे मागे पडला. त्यातच पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे नावाजलेले चित्रकार. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्यासारखे कलावंत तेथे शिकवू लागले. चित्रकलेची संस्था उभारणाऱ्या रवींद्रनाथांनी स्वतः मात्र या कलेचे रीतसर शिक्षण कधीच घेतले नाही.

सुरुवात नेमकी कुठे झाली?

खाडाखोडीतून. १९२४ च्या अखेरीस पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रो येथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात त्यांनी विश्रांती घेतली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. ‘पूरबी’ या संग्रहातील कविता लिहिताना खोडलेले शब्द त्यांना डोळ्यांत खुपत. म्हणून एक खोडलेली जागा दुसरीला रेषेने जोडायची, असे करता करता पानावर पक्षी, विचित्र जनावरे, चेहरे उमटू लागले. ओकाम्पो यांना त्या वहीतील ही चित्रे फार आवडली. १९२८ च्या सुमारास शब्दांचा आधार सुटला आणि कोऱ्या कागदावर स्वतंत्र चित्रे सुरू झाली.

त्यांची पद्धत काय होती?

आधी विषय ठरवून चित्र काढायचे, हा त्यांचा मार्ग नव्हता. रेषेला लय सापडली की आकार आपोआप येतो, या विश्वासाने ते काम करत. लिहिणाऱ्याचा हात असल्याने शाई आणि पेन ही त्यांची मुख्य साधने. रंगीत शाई कधी चिंधीने, कधी बोटाने पसरायची, हाताला लागेल तो कागद घ्यायचा आणि चित्र बहुधा एका बैठकीत संपवायचे. मुखवट्यांसारखे चेहरे, लांबट मुखाच्या उदास स्त्रिया, कुठल्याच प्राणिसंग्रहालयात न सापडणारे प्राणी आणि संध्याकाळची निसर्गदृश्ये ही त्यांची दुनिया. बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिले नाही. अर्थ पाहणाऱ्याने लावावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना लाल-हिरवा भेद नीट कळत नसावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

लोकांनी ती कशी स्वीकारली?

पहिले प्रदर्शन मे १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये भरले. वयाची ६९ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास! त्यासाठी धावपळ केली ती ओकाम्पो यांनीच. त्याच वर्षी इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क, रशिया आणि अमेरिकेतही चित्रे दाखवली गेली. मायदेशातल्या स्वागताविषयी मात्र त्यांना धाकधूक होती. बंगालमध्ये तेव्हा पौराणिक विषय आणि हळुवार रेषांची चित्रे रुळलेली होती. त्यात ही गडद, अनघड चित्रे बसणारी नव्हती. सत्तरीनिमित्त १९३१ च्या अखेरीस कोलकात्यात झालेल्या सोहळ्यात ती मांडली गेली.

जर्मनीत वेगळेच घडले. १९३० मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला भेट दिलेली त्यांची पाच चित्रे १९३७ मध्ये नाझी राजवटीने आधुनिक कलेविरुद्धच्या मोहिमेत तेथून हटवली. भारतात मात्र रवींद्रनाथांची चित्रे आज राष्ट्रीय कलानिधी मानली जातात. ती देशाबाहेर विकता येत नाहीत.

नवे शिकणे चित्रांपुरतेच होते का?

नाही. १९३६ ते १९३९ या काळात ‘चित्रांगदा’, ‘चंडालिका’ आणि ‘श्यामा’ या नृत्यनाट्यांना त्यांनी आकार दिला. १९३७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, अणूपासून ताऱ्यांपर्यंतचे विज्ञान सोप्या बंगालीत सांगणारे ‘विश्वपरिचय’ लिहून ते भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४० मध्ये, त्यांच्या निवडक चित्रांचा ‘चित्रलिपी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. चाळिशीत ज्या खोडरबराची त्यांनी थट्टा केली होती, त्या खोडण्यातूनच पुढे त्यांची चित्रकला उभी राहिली. मधे गेली ती जवळपास पंचवीस वर्षे.