सुमंत मुळगावकर

पुण्याहून मुंबईकडे निघाले, की वाटेत पिंपरी-चिंचवड लागते. आज तेथे कारखान्यांची दाटी आहे. पण साठ वर्षांपूर्वी त्यातील बराचसा भाग उजाड माळ होता. त्या माळावर टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीचा मालमोटारींचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला.

सुमंतरावांचा जन्म १९०६ सालचा. लंडनला यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. काही वर्षे सिमेंटच्या धंद्यात काढून १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. आगगाडीची इंजिने बनविण्यासाठी जमशेदपूरला निघालेल्या या कंपनीने १९५४ साली एका जर्मन कंपनीशी करार करून मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला.

आराखडा जर्मनांचा होता. तो बिनचूक उतरविला, की अभियंत्याचे कर्तव्य संपले काय? कराराच्या दृष्टीने संपले. परंतु या गाड्या आपल्या घाटांतून व खाचखळग्यांतून, पुष्कळदा वाजवीपेक्षा अधिक ओझे घेऊन धावणार होत्या. भर उन्हात आस मोडला, तर हाल चालकाचे! सुमंतराव दुपारी कचेरीतून निघून हमरस्त्यावरील ढाब्यावर जात आणि चालकांच्या पंगतीस बसून गाडीच्या खोडी विचारून घेत, अशी गोष्ट आजही सांगितली जाते.

परक्यांची मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. तीवर कायम विसंबणे मात्र त्यांना पसंत नव्हते. १९६६ मध्ये पुण्यास कंपनीचे संशोधन केंद्र निघाले. १९६९ मध्ये जर्मन करार संपला.

पिंपरीस गाड्या लवकर काढल्या असत्या, तर पैसाही लवकर मिळाला असता. सुमंतरावांनी आधी तरुण उमेदवारांना शिकविण्याची सोय केली, हत्यारे आणि साचे घडविणारे विभाग उभारले. उजाड माळावर हजारो झाडे लावून घेतली, तळे करविले. त्या पाण्यावर पुढे पक्षी उतरू लागले. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली, ती १९७७ साली. इतका धीर धरणारे कारखानदार थोडेच!

पुढे जपानी कंपन्यांच्या साहाय्याने इतरांनी हलक्या मालमोटारी आणल्या. तेव्हा टेल्कोच्या अभियंत्यांनी आपली ‘४०७’ स्वतःच आखली. ती १९८६ मध्ये रस्त्यावर आली.

१९८९ साली सुमंतराव निवर्तले. १९९४ मध्ये कंपनीने काढलेल्या एका गाडीला त्यांच्या नावातील ‘सु’ आणि आडनावातील ‘मु’ जुळवून ‘सुमो’ हे नाव देण्यात आले.