वऱ्हाडचे श्रीगाडगेबाबा : अल्पचरित्र

जुबिलीच्या पुस्तिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, असा प्रघात पडून गेला आहे व तो चांगलाच आहे. पादुआचे संत अंतोनी, संत फ्रान्सिस झेवियर, लिस्यूची संत तेरेसा यांच्या कथा आमच्या धर्मजनांनी आईच्या मांडीवर बसून ऐकलेल्या आहेत. या खेपेस मात्र आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. त्यांनी आपल्या वेदीपुढे कधी गुडघे टेकले नाहीत, की आपली जपमाळ कधी हाती धरली नाही. तरी ते आपल्याच मातीतले, आपल्याच वऱ्हाडी बोलीत बोलणारे, आणि आपल्या आजे-पणज्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांदेखत होऊन गेलेले आहेत. इतर धर्मांमध्ये जे सत्य व पवित्र असेल त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जगास स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा एखाद्या वृद्ध धर्मजनास हा विषय येथे अस्थानी वाटल्यास त्यांनी क्षमा करावी व पुढे वाचावे.

श्रीगाडगेबाबांनी बांधलेल्या धर्मशाळा, घाट व अन्नछत्रे पुष्कळांस ठाऊक आहेत, आणि त्यांची मोजदाद करणारी चरित्रेही पुष्कळ आहेत. काही चरित्रांत चमत्कारही घुसले आहेत. स्वतः बाबांना ते मुळीच आवडले नसते, म्हणून आम्हीही ते सोडून देतो. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते बारशाच्या एका पंगतीविषयी, एका खराट्याविषयी व भाकरीच्या तुकड्याविषयी; कारण आमच्या मते त्यांच्या मोठ्या कामांचे बीज ह्याच लहान गोष्टींत होते.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी झाला. आईचे नाव सखूबाई. वडील झिंगराजी यांस मद्याचे व्यसन जडले व त्यातच त्यांचा अंत झाला. त्या वेळी डेबूजी अवघ्या आठ वर्षांच्या आसपासचे होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी दारू हे त्या समाजात केवळ व्यसन नव्हते, ती रीत होती. बारसे असो, लग्न असो, देवाचा नवस फेडावयाचा असो, बकरे व दारू यांवाचून पंगत उठत नसे. ज्याच्या घरी ती नाही तो भाऊबंदांत हलका ठरे. म्हणजे घरात धान्य नसले तरी सावकाराकडे जाऊन रीत पाळावयाची, आणि मग वर्षानुवर्षे व्याज भरीत बसावयाचे. झिंगराजींचे घर बुडाले ते अशाच रिवाजांच्या भाराखाली.

सखूबाई लेकरास घेऊन माहेरी आल्या. हे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी. विधवा बहीण व तिचा पोरका मुलगा दारात उभे राहिले असता भाऊ चंद्रभानजींनी त्यांस घरात घेतले, जेवू घातले, आणि मुलास आपल्या पोरासारखे वाढविले. चरित्रकार हा प्रसंग एका ओळीत आटोपतात. पण आम्हांस तो तसा सोडवत नाही. मामाचे घर ही आपल्याकडील किती जुनी व किती गोड संस्था आहे! तिची ना कोठे नोंद असते ना तिला कोणी देणगी देतो. आणि तरी वऱ्हाडातील किती अनाथ पोरे तिने जगविली असतील याचा हिशेब परमेश्वरापाशीच असेल. मामाचा तो उंबरठा नसता तर पुढचे गाडगेबाबा झालेच नसते. ज्या माणसाने पुढे हजारो निराश्रितांसाठी छप्पर घातले, त्यास स्वतःस पहिले छप्पर असे मिळाले होते.

डेबूजी शाळेत गेले नाहीत. प्रथम त्यांनी गुरे राखली, मग नांगर-वखर हाती धरला. अंगमेहनतीत त्यांचा हात धरणारा गावात विरळा होता. रात्री भजन, पहाटे गोठा, दिवसभर शेत, असा त्यांचा क्रम असे. परंतु मामा अक्षरशत्रू. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविला तो कशासाठी हे त्यांस कळले नाही, आणि कळले तेव्हा उत्तम जमीन हातची गेली होती. मामा त्या दुःखाने खचले व निवर्तले. पुढे बाबा आपल्या कीर्तनांतून लोकांस परोपरीने विनवीत, की घरातील भांडी मोडा, भाकर हातावर घेऊन खा, बायकोस हलक्या किमतीचे लुगडे घ्या, पण पोरांस शाळेत घातल्याशिवाय राहू नका. त्या विनवणीमागे दापुरीचे ते शेत होते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. काही वर्षांनी पहिली कन्या झाली, तिचे नाव आलोकाबाई. आता बारसे आले. भाऊबंद जमले, आणि सर्वांची अपेक्षा अर्थातच ठरलेली होती. डेबूजींनी बकरे कापले नाही व दारूचा थेंब आणला नाही. त्यांनी गोडाचे जेवण केले व सर्वांस आग्रहाने वाढले.

वाचकांस हे आज फारच किरकोळ वाटेल. परंतु जातीच्या रिवाजाविरुद्ध भरल्या पंगतीत उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने खेड्यात दिवस काढले आहेत त्यास ठाऊक आहे. मंडळी रागावली, कुजबुजली. डेबूजींनी त्यांस शिव्या दिल्या नाहीत, की प्रवचन केले नाही. पंगत मोडून टाकली नाही, हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ सुधारक पंगतच बंद करा म्हणतात. मग घर ओस पडते, बहिणी-भाचे यावयाचे थांबतात, लेकराच्या जन्माचा आनंद कोणाबरोबर वाटून घ्यावयाचा हेच उरत नाही. डेबूजींनी रीत ठेवली व तिच्यातील विष तेवढे काढून टाकले. आमच्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या मेजवान्यांस आम्हांस नेहमी बोलावणे असते, आम्ही जातोही. आणि मांडवामागे काय चालते हे धर्मगुरूस दिसत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. असो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री डेबूजींनी घर सोडले.

येथे चरित्रलेखकाची लेखणी अडखळते, निदान आमची तरी अडखळते. घरी वृद्ध आई होती, तरुण पत्नी होती, मुली होत्या. आणि पुत्र गोविंद याचा जन्म तर त्यानंतरचा. विवाह हा संस्कार मानणाऱ्या आम्हां कॅथॉलिकांस ह्या गोष्टीची वाहवा सहजासहजी करता येत नाही. स्वित्झर्लंडचे संत निकोलस यांनीही १४६७ साली पत्नी व दहा मुले मागे ठेवून एकांतवास पत्करला होता. परंतु त्यांनी पत्नी डोरोथिया हिची संमती आधी मिळविली होती. कुंताबाईंस कोणी विचारले नाही. त्यांनी काबाडकष्ट करून लेकरे वाढविली. पुढे पतीच्या नावे लाखो रुपयांच्या संस्था उभ्या राहिल्या, तरी त्या माउलीने झोपडीतच दिवस काढले. कारण धर्मशाळांवर आपल्या आप्तांचा काडीचाही हक्क नाही व तेथील अन्न त्यांनी फुकट खाऊ नये, असा बाबांचा कडक दंडक होता. गाडगेबाबांचे नाव गावोगावच्या पाट्यांवर आहे. कुंताबाईंचे नाव ह्या पुस्तिकेत तरी यावे, म्हणून आम्ही ते मुद्दाम विस्ताराने लिहिले.

घर सोडल्यावर बारा वर्षे ते अनवाणी हिंडले. अंगावर चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा व मातीचे गाडगे. ह्या गाडग्यातच ते अन्न घेत व तेच कधी उन्हापावसात डोक्यावर पालथे घालीत. त्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की कोणाचा परिचय काढण्यापूर्वी ते रस्ता झाडावयास लागत. शेतात कोणी एकटा राबताना दिसला तर त्यास हात देत. कोणाची गाडी चिखलात रुतली तर चाकाला खांदा लावीत, आणि नाव विचारण्यापूर्वी चालू लागत. भाकर मागावयाची ती काम केल्यावर. लाकडे फोडून द्यावी, अंगण झाडून द्यावे, आणि मग शिळ्या भाकरीचा कोर व चटणी घ्यावी. पक्वान्नाचे ताट कोणी पुढे केले तर ते दुसऱ्या भुकेल्याकडे जाई. कोणास पाया पडू देत नसत, कोणास शिष्य करीत नसत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. तेथील काठ निसरडा होता, आणि स्नानास येणारी म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरून पडत. बाबांनी कोणास न विचारता तेथे माती-दगड वाहून वाट करून द्यावयास आरंभ केला. एकट्यास पाहून दुसरा आला, दुसऱ्यास पाहून दहा आले. पुढे तेथे पक्का घाट झाला. त्यांची सर्व मोठी कामे अशीच झाली. पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली ती, अस्पृश्य म्हणून हिणविलेल्या वारकऱ्यांस रात्री डोके टेकावयास जागा मिळत नसे म्हणून. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ जी झाली, ती खेड्यांतून आजारी माणसास घेऊन आलेल्या नातेवाइकांसाठी. आजाऱ्याची काळजी रुग्णालय घेते. त्याच्या उशाशी बसलेल्या आईने रात्री कोठे निजावे हा विचार सहसा कोणास सुचत नाही, आणि तो बाबांस सुचला.

दिवसा खराट्याने गाव झाडावे व रात्री कीर्तनाने माणसांची मने, असा त्यांचा क्रम शेवटपर्यंत चालला. कीर्तन म्हणजे बहुधा प्रश्नोत्तरेच. ते अडाण्यासारखे विचारीत, श्रोते हसत हसत उत्तर देत, आणि उत्तर देता देताच आपल्या तोंडून आपलाच दोष बाहेर पडला हे श्रोत्यांच्या ध्यानात येई. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, माणसास विटाळ मानू नका, हेच त्यांचे विषय. १९२३ साली ते कोकणात कीर्तन करीत असता एकुलता एक पुत्र गोविंद कुत्रे चावून मरण पावल्याची वार्ता आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ह्या प्रसंगाचे सर्वत्र कौतुक होते. आम्ही मात्र ही ओळ लिहिताना पुन्हा कुंताबाईंकडेच पाहतो. त्यांच्यापुढे त्या रात्री कीर्तन नव्हते.

बाबांच्या शिकवणीचे दहा कलमांत सार सांगितले जाते व ते ठिकठिकाणी भिंतींवर लिहिलेले आढळते. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, बेघरास आसरा, रोग्यास औषध अशी ती कलमे आहेत. गरीब मुलांचे शिक्षण, बेकारास काम, मुक्या प्राण्यांस अभय, गरिबांच्या मुलामुलींचे लग्न व दुःखितास धीर हीही त्यांत आली. आमच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गातील मुले ही यादी ऐकून लागलीच म्हणतील, की ही तर आपली दयेची शारीरिक कृत्ये! संत मत्तयच्या शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाच्या अध्यायाशी ती इतकी जुळतात, की ती ताडून पाहण्याचा मोह आवरत नाही. बाबांस अक्षरओळख नव्हती. तरी ज्या भुकेल्यांत व उघड्यांत आपण भेटतो असे प्रभूने सांगितले, त्यांस त्यांनी ओळखले होते.

डॉ. आंबेडकरांविषयी त्यांस अत्यंत जिव्हाळा होता. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः उभारलेली वास्तू, तीही पंढरपुरात, अशी उचलून देणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आम्ही तर पाहतो, की सभागृहाची किल्ली एका मंडळाकडून दुसऱ्याकडे जाताना केवढे रामायण होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर निवर्तले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांस उपचारासाठी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ च्या मे महिन्यात स्थापन झाला, म्हणजे त्या वेळी तो दीड वर्षाचे बालक होता. अमरावतीत त्यांची समाधी आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. सही करता न येणाऱ्या माणसाच्या नावे आज पदव्या दिल्या जातात. सन २००० मध्ये राज्य सरकारने ग्रामस्वच्छतेची जी मोहीम काढली, तीही त्यांच्याच नावाने.

जुबिलीच्या आदल्या शनिवारी हिवरखेडच्या आपल्या मंदिराचे आवार व समोरचा रस्ता हनुमंताच्या देवळापर्यंत झाडावयाचा आहे. पुढचा भाग आपला नव्हे, अशी कोणी तक्रार करू नये. खराटे घरून आणावे. काम झाल्यावर झुणका-भाकर मिळेल, आधी नाही.