हॅस्लिंग्डनहून लॉर्ड्सवर

७ जून १९५२, शनिवार. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्या चौदा चेंडूंत चार फलंदाज तंबूत परतले. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावात १३३ धावांची देखणी खेळी करणारे वीस वर्षांचे विजय मांजरेकर असे हे चौघे होते. धावफलकावर भारताच्या नावे एकही धाव नव्हती. शून्य धावा आणि चार बळी हा आकडा वृत्तपत्रांत छापून आला, तेव्हा मुंबईतल्या अनेक क्रिकेटप्रेमींना ती छपाईतली चूकच वाटली असावी. फ्रेडी ट्रुमन या नवख्या वेगवान गोलंदाजाच्या नावाची दहशत त्या दिवसापासून भारतीय क्रिकेटच्या मनात घर करून बसली. कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर या दोन मराठी खेळाडूंनी शतकी भागीदारी करून अब्रू काही अंशी राखली, परंतु सामना गेलाच.

भारताचा सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. लीड्सपासून पेनाइनच्या डोंगररांगा ओलांडल्या की लँकेशायर परगणा लागतो. तेथल्या रोझेंडेल दरीतील हॅस्लिंग्डन या कापडगिरण्यांच्या छोट्या गावाने विनू मंकड यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून त्या मोसमासाठी करारबद्ध केले होते. देशाचा संघ आणि देशाचा खेळाडू एकाच देशात, पण वेगवेगळ्या मैदानांवर, अशी ही विचित्र अवस्था होती.

मुळवंतराय हिंमतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरचा. रणजितसिंहजींच्या नवानगर संस्थानात क्रिकेट हा राजाश्रयाचा खेळ होता. दुलीपसिंहजींचे मार्गदर्शन तेथे लाभले. ससेक्स परगण्याचे जुने व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्स्ली हे प्रशिक्षक म्हणून नवानगरला आले आणि त्यांनी या मुलाच्या डावखुऱ्या मंदगती फिरकीला शिस्त लावली. म्हणजे परदेशी व्यावसायिक क्रिकेटचा पहिला धडा मंकड यांनी घरबसल्याच गिरवला होता. वेन्स्ली यांच्याच नेतृत्वाखाली नवानगरने १९३६-३७ मध्ये रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हिवाळ्यात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा विशीतल्या मंकड यांनी फलंदाजी आणि गोलंदाजी या दोहोंच्या सरासरीत अग्रस्थान मिळवले. नंतर महायुद्ध आले. ऐन उमेदीची वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांविना गेली आणि पहिली कसोटी खेळताना मंकड एकोणतीस वर्षांचे झाले होते.

ती कसोटी १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यातली. त्या दौऱ्यात त्यांनी ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. इंग्लंडच्या दौऱ्यावर हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी मजल दुसऱ्या कोणत्याही भारतीयाने मारलेली नाही. लँकेशायरचे क्लब ज्याच्या शोधात असत तो नेमका असाच खेळाडू होता.

या क्लबांच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८९२ साली स्थापन झालेल्या लँकेशायर लीगमध्ये चौदा छोट्या गावांचे क्लब होते. शनिवारी दुपारी सामना व्हायचा. अकरांपैकी दहा जण गावातलेच असत, कोणी गिरणीत, कोणी दुकानात, कोणी शाळेत काम करणारे. अकरावा मात्र पगारी व्यावसायिक असे. त्याने एका बाजूने अखंड गोलंदाजी करावी, वरच्या क्रमांकावर फलंदाजी करावी आणि आठवड्याच्या संध्याकाळी क्लबातल्या मुलांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. त्याने अर्धशतक काढले किंवा बळींची रास लावली की प्रेक्षकांत पेटी फिरे आणि जमलेली नाणी त्याच्या हाती पडत. एखाद्या शनिवारी तो अपयशी ठरला, तर सोमवारी किराणा दुकानातही त्याला कोणी सोडत नसे. खेळपट्ट्या उघड्या, पावसाने भिजलेल्या आणि हळू. चेंडू कधी थांबून येई, कधी अनपेक्षित उसळे. मुंबईत १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात खेळवण्यामागे अशाच ओल्या खेळपट्ट्यांची सवय व्हावी हा हेतू होता. लँकेशायरच्या व्यावसायिकाला मात्र ती सवय पोटासाठी करून घ्यावी लागे.

वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टन्टाइन १९२९ पासून नेल्सनकडून खेळले आणि त्यांनी या लीगची ख्याती जगभर नेली. हॅस्लिंग्डननेच १९३४ मध्ये जॉर्ज हेडली यांना आणले होते. एव्हर्टन वीक्स बेकपमध्ये, क्लाइड वॉलकॉट एन्फील्डमध्ये खेळले. भारतीयांनाही ही वाट अनोळखी नव्हती. अमरसिंग कोल्नकडून, लाला अमरनाथ नेल्सनकडून खेळले होते. हजारे यांनी तर हॅस्लिंग्डनच्या शेजारच्याच रॉटनस्टॉल क्लबाचे व्यावसायिकपद भूषविले होते. अमरसिंग १९३६ मध्ये कोल्नच्या सेवेत असतानाच भारताकडून इंग्लंडविरुद्ध कसोटी सामने खेळले. तेव्हा क्लबाचा करार आणि देशाचा संघ यांचा मेळ घालता येतो, हे मंडळाला सोळा वर्षांपूर्वीच ठाऊक झालेले होते.

तरीही १९५२ मध्ये घोळ झाला. त्याच्या मुळाशी पैशाचा प्रश्न होता. नवानगर संस्थान १९४८ मध्ये सौराष्ट्रात विलीन झाले आणि देशभर संस्थानिकांच्या आश्रयाचे युग संपले. कसोटीपटूला मिळणारी रक्कम किरकोळ भत्त्याच्या पलीकडे जात नव्हती. मंकड पस्तिशीला आले होते, संसार होता आणि हाताशी कसब होते ते एकच. १९५१-५२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात आला होता. त्या मालिकेत मंकड यांनी ३४ बळी घेतले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद करून त्यांनी भारताला कसोटी इतिहासातला पहिला विजय मिळवून दिला. याच सुमारास हॅस्लिंग्डनचा प्रस्ताव आला. मंकड यांनी क्रिकेट नियामक मंडळाकडे एवढीच विचारणा केली की, इंग्लंड दौऱ्यासाठी निवड निश्चित असल्याची हमी मिळाली तर क्लबाला नकार कळवता येईल. निवड समितीने हमी नाकारली. कोणाही एका खेळाडूला आगाऊ शब्द देता येत नाही, ही भूमिका कागदावर निर्दोष होती. पण ज्याच्या खांद्यावर बसून पहिला विजय पाहिला, त्याच्या निवडीविषयी शंका घेण्याजोगे त्या घटकेला नेमके काय होते, याचे उत्तर त्या भूमिकेत नव्हते. मंकड यांनी करारावर सही केली.

यातला विरोधाभास असा की, व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंसाठी वेगवेगळे दरवाजे ठेवणाऱ्या इंग्लंडने त्याच मोसमात, त्याच हेडिंग्लेच्या कसोटीत, लेन हटन या व्यावसायिकाला प्रथमच कर्णधारपद दिले होते. भारतात मात्र पैसे घेऊन खेळणे म्हणजे निष्ठेत काही उणे असणे, हा समज अजून मुरलेला होता.

हेडिंग्लेच्या पराभवानंतर मंडळाला हॅस्लिंग्डनच्या दारात जावे लागले. क्लबाशी बोलणी झाली आणि उरलेल्या तीन कसोटींसाठी मंकड यांना मोकळे करण्यात आले. १९ जूनला लॉर्ड्सवर दुसरी कसोटी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या पाठीशी त्या मोसमातला सराव होता तो लीगच्या दुपारच्या सामन्यांचाच.

सलामीला येऊन त्यांनी ७२ धावा केल्या आणि रॉय यांच्यासह १०६ धावांची भागीदारी रचली. ती फुटल्यावर भारताचा डाव नेहमीप्रमाणे घसरला आणि २३५ वर संपला. इंग्लंडने हटन यांच्या १५० आणि गॉडफ्रे इव्हान्स यांच्या १०४ धावांच्या बळावर ५३७ धावा केल्या. त्या डावात मंकड यांनी ७३ षटके टाकली, त्यांतली २४ निर्धाव होती, आणि १९६ धावांत ५ बळी घेतले. हे सर्व आटोपल्यावर बोटांना विसावा न देता ते पुन्हा सलामीला उतरले. १८४ धावांची ही खेळी तोवरच्या भारतीय कसोटी इतिहासातली सर्वोच्च होती. हजारे यांच्यासह त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा जोडल्या. एकच जण इंग्लिश गोलंदाजांना कधी पुढे सरसावून, कधी मागे राहून फटकावत होता आणि समोर कर्णधार खांबासारखा उभा होता. लीगमध्ये तयार झालेले हे दोन गडी त्या दुपारी भारताचा डाव चालवत होते. इंग्लंडला विजयासाठी फक्त ७७ धावा हव्या होत्या, त्यासाठीही मंकड यांनी आणखी २४ षटके टाकली. सामन्यात एकूण ९७ षटके आणि २५६ धावा. भारत आठ गड्यांनी हरला, परंतु ती कसोटी आजही मंकड यांच्या नावाने ओळखली जाते. लॉर्ड्सच्या सन्मानफलकांवर शतकवीर आणि पाच बळी घेणारे गोलंदाज अशा दोन्ही याद्यांत नाव असलेले परदेशी खेळाडू फार थोडे आहेत, त्यांत मंकड आहेत.

लँकेशायरमुळे मंकड मोठे खेळाडू झाले असे म्हणणे खरे ठरणार नाही. मेलबर्नला १९४७-४८ च्या मालिकेत लिंडवॉल-मिलर यांच्यासमोर त्यांनी ११६ आणि १११ धावांची दोन शतके आधीच ठोकली होती. लीगने दिले ते वेगळे होते. आपल्यावाचून संघाचे चालणार नाही हे गृहीत धरून दर आठवड्याला मैदानात उतरण्याची सवय, लांबच लांब गोलंदाजी करण्याची कणखर चिकाटी आणि इंग्लिश मातीची ओळख. ही कमाई सर्वस्वी अमोघ मात्र नव्हती. पुढच्या, मँचेस्टरच्या कसोटीत भारत एकाच दिवसात दोनदा, ५८ आणि ८२ धावांत गारद झाला, त्यात मंकडही अपवाद ठरले नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत दिल्लीला त्यांनी ८ आणि ५ असे तेरा बळी घेतले. मुंबईच्या कसोटीत त्यांच्या हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण झाले, अवघ्या तेविसाव्या सामन्यात. हा विक्रम १९७९ मध्ये इयान बोथम यांनी मोडला. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात त्यांनी संघाचे नेतृत्व केले, पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. त्यानंतरच्या मोसमात न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी दोन द्विशतके झळकावली. मद्रासच्या २३१ धावांच्या खेळीत रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी होती आणि हा उच्चांक २००८ पर्यंत टिकला.

त्यांचे आडनाव जगाला मात्र वेगळ्याच कारणाने माहीत झाले. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत, चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना त्यांनी धावबाद केले. आधीच्या एका सामन्यात ब्राउन यांना ताकीद देऊन झाली होती आणि ब्रॅडमन यांनीही मंकड यांचीच बाजू घेतली. तरीही हे आडनाव खिलाडूपणाच्या अभावाला जोडले गेले आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. अशा बादीला अनुचित खेळाच्या कलमातून काढून धावबादच्या नियमात आणायला २०२२ साल उजाडावे लागले.

मंकड ४४ कसोटी खेळले. २१०९ धावा, १६२ बळी आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी, असा तो हिशेब आहे. देशातही ते सतत फिरते राहिले. नवानगर, गुजरात, बंगाल, महाराष्ट्र, मुंबई अशा संघांकडून ते खेळले, पैकी मुंबई हे त्यांचे अखेरपर्यंतचे घर ठरले. शेवटी ते राजस्थानकडे गेले. तेव्हा राजस्थान आणि १९५७-५८ पासून रणजी खेळू लागलेला विदर्भ हे दोघेही मध्य विभागात होते. तेथे सलीम दुराणी यांच्यासारखा डावखुरा अष्टपैलू त्यांच्या सहवासात होता. अनुभवी व्यावसायिकाने तरुणांना जवळ घेऊन शिकवायचे, ही हॅस्लिंग्डनमधल्या संध्याकाळची रीत त्यांनी प्रशिक्षक म्हणूनही सांभाळली. थोरले चिरंजीव अशोक १९६९ मध्ये कसोटीपटू झाले आणि मुंबईचे कर्णधारही.

पुढच्या पिढीत फारुख इंजिनिअर लँकेशायरकडून आणि बिशनसिंग बेदी नॉर्दम्प्टनशायरकडून वर्षानुवर्षे खेळले आणि १९८० मध्ये सुनील गावसकर सॉमरसेटला गेले. तोवर परदेशी कराराकडे संशयाने पाहणारे फारसे कोणी उरले नव्हते. आता तर परदेशी लीगमध्ये खेळायचे की नाही, हे मंडळाच्या ना-हरकत पत्रावर ठरते.

२१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत मंकड यांचे निधन झाले. वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. एकोणीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धा विनू मंकड करंडक म्हणून दरवर्षी खेळवली जाते आणि वाशिम, अकोल्यापासून नागपूरपर्यंतची मुले विदर्भाच्या ज्या संघात जाण्यासाठी धडपडतात, तो संघही याच करंडकासाठी उतरतो.