विश्लेषण : बाळू पालवणकर यांना बळी चालले, कर्णधारपद का नाही?

भारतात क्रिकेट हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा खेळ होता, त्या काळात महिन्याच्या पगारावर चेंडू टाकणारा एक मुलगा देशाचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज ठरला. मात्र जातीमुळे त्याला संघाचे नेतृत्व कधीच दिले गेले नाही.

कोण होते बाळू पालवणकर?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातील. वडील लष्करात असल्याने बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

खेळातून कमाई कशी सुरू झाली?

पुण्यात पारशांच्या क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची झाडलोट व देखभाल करण्यासाठी त्यांना महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर रुजू झाले. तिथे नेटमध्ये इंग्रज फलंदाजांना तासन् तास गोलंदाजी करणे हेच काम. जे. जी. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज तर बाद झाला की ८ आणे बक्षीस देई, असे सांगितले जाते. या सरावातून त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही.

हिंदू संघाने कसे स्वीकारले?

इंग्रजांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्यातील हिंदू खेळाडूंना कळून चुकले. संघात जागा मिळाली, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाची पंगतही वेगळी. १८९६ मध्ये प्लेगच्या साथीच्या काळात ते मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघेही संघात होते.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१.

कर्णधारपदाचा वाद काय होता?

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही त्यांचा दावा वर्षानुवर्षे डावलला गेला. १९२० च्या स्पर्धेत त्यांना वगळल्यावर शिवराम व विठ्ठल या भावांनी माघार घेतली. प्रकरण तापल्यावर तडजोड झाली. बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि कर्णधार मैदानाबाहेर असताना काही वेळ त्यांनी संघ सांभाळला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. मोठ्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

पुढे काय झाले?

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.